खोली नंतर, आधी वाट : ऑस्ट्रेलियात पहिल्या टूरला निघताना

एस्कॉर्टच्या कामासाठी दुसऱ्या शहरात काही दिवस मुक्काम करायचा, त्याला आम्ही टूर म्हणतो. माझ्या पहिल्या टूरचं हॉटेल मी फोटो बघून ठरवलं होतं. मोठा पलंग, खिडकीतून नदी, बाथटब. ब्रिस्बेनला पोचल्यावर कळलं की लिफ्ट कार्ड टेकवल्याशिवाय हलत नाही, आणि ती लिफ्ट रिसेप्शनच्या अगदी नाकासमोर. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला आणायला मी स्वतः खाली जायचं. काउंटरवरच्या पोराने चेक-इनच्या वेळीच माझं आडनाव वाचून विचारलं होतं, "ताई, तुम्ही कुठल्या?" पोरगा नांदेडचा. दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा खाली उतरले तेव्हा त्याने मान वर केली नाही. ते न बघणंच मला जास्त लागलं. चार रात्रींचे पैसे भरले होते, दोन रात्रींत निघाले.

तेव्हापासून मी आधी वाट बघते. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत माणूस कसा येतो, कोणाच्या समोरून येतो आणि अडचण आली तर मी कोणत्या वाटेने बाहेर पडते. पलंग सगळीकडे सारखेच असतात.

हा लेख एस्कॉर्टचं काम स्वतःच्या मर्जीने करणाऱ्या, ऑस्ट्रेलियात काम करायचा हक्क असलेल्या प्रौढ बाईसाठी आहे. नव्या मैत्रिणीशी मी 'तू' म्हणूनच बोलते, इथेही तसंच लिहिते. दोन शब्द सुरुवातीलाच: गिऱ्हाईक आपल्या खोलीवर येतं तो इनकॉल, आपण त्याच्याकडे जातो तो आउटकॉल. पुढचं बरंचसं इनकॉलबद्दल आहे, कारण हॉटेलचा प्रश्न खरा तिथेच येतो.

शहर शोधण्याआधी राज्य बघ

ऑस्ट्रेलियात या कामाचा कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९९५ पासून हे काम गुन्हेगारी कायद्यातून बाहेर आहे. नॉर्दर्न टेरिटरीने २०१९ मध्ये तसाच कायदा केला. व्हिक्टोरियाने २०२२ पासून दोन टप्प्यांत जुने नियम काढले, दुसरा टप्पा १ डिसेंबर २०२३ ला लागू झाला. क्वीन्सलँड सगळ्यांत अलीकडचं, २ ऑगस्ट २०२४. त्याआधी तिथे एकटीने काम करणं चालायचं, पण दोघींनी मिळून एक खोली घेतली की कायदा आडवा यायचा. मैत्रिणीला 'पोचले', 'सुटले' असे मेसेज करायलासुद्धा बायका घाबरायच्या. सुरक्षिततेची साधी सवयच अडचणीची ठरावी, असा तो कायदा होता.

टास्मानियात एकटीने किंवा फार तर दोघींनी मिळून, स्वतःच्या मालकीने काम करता येतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एकटीने काम करणं गुन्हा नाही, पण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. साउथ ऑस्ट्रेलियाचा कायदा अजून जुन्या वळणाचा आहे. तिथे तू घेतलेली खोलीच 'ब्रॉथेल', म्हणजे कुंटणखाना, ठरू शकते आणि खोलीत घेतलेले पैसे हाच गुन्हा होऊ शकतो. ॲडलेड सुंदर शहर आहे, मी सुट्टीला जाते. पहिली टूर तिथे लावू नकोस.

प्रत्येक राज्यात या कामातल्याच लोकांनी चालवलेली किंवा त्यांच्याबरोबर काम करणारी संस्था आहे. व्हिक्टोरियात व्हिक्सन, क्वीन्सलँडमध्ये रिस्पेक्ट, सिडनीत स्वॉप, पर्थला मजेंटा, ॲडलेडला सिन, आणि देशपातळीवर १९८९ पासूनची स्कार्लेट अलायन्स. तिकीट काढण्याआधी त्या राज्याच्या संस्थेला फोन कर. मी इथे लिहिलेलं उद्या बदलेल, त्यांना आजचं माहीत असतं. फोन उचलणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच असते, त्यामुळे शब्द शोधत बसावं लागत नाही.

व्हिसाचं एक वाक्य. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि हे कामही त्या ४८ तासांतच मोजलं जातं. शेजारचं न्यूझीलंड 'सगळं खुलं' म्हणून प्रसिद्ध आहे. पण २००३ च्या ज्या कायद्याने ते खुलं केलं, त्याच्याच १९ व्या कलमाने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला हे काम बंद केलंय. पर्यटक म्हणून ऑकलंडला उतरून टूर करायचा विचार डोक्यातून काढ.

आणि गावाकडच्या वाचणाऱ्यांसाठी: यातलं काहीही भारताला जसंच्या तसं लावू नका. तिथे अनैतिक व्यापाराबद्दलचा १९५६ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या बायकांच्या सन्मानाबद्दल आणि पोलिसांच्या वागणुकीबद्दल निर्देश दिले तरी तो कायदा जागेवरच आहे. त्याबद्दल विचारायचं तर सांगलीच्या 'संग्राम' संस्थेच्या आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'च्या बायकांना विचारा. त्या नव्वदच्या दशकापासून हे काम करतायत.

तारखा

हॉटेलचे दर आणि पाहुण्यांची गर्दी सणांवर चालते, फक्त सण वेगळे. मेलबर्नला जानेवारीत टेनिस, मार्चमध्ये आल्बर्ट पार्कची फॉर्म्युला वन शर्यत, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप. या दिवसांत काम असतं, पण खोली इतकी महाग मिळते की हिशेब बसत नाही. मी एक आठवडा आधी किंवा नंतर जाते. नोव्हेंबरच्या शेवटी गोल्ड कोस्ट टाळ. बारावी संपवलेल्या पोरांचा 'स्कूलीज'चा धुडगूस असतो, हॉटेलांच्या दारांवर जादा सिक्युरिटी असते आणि त्या वयाच्या पोरांच्या आसपास आपण असूच नये.

उत्तरेला केर्न्स, टाउन्सव्हिल, डार्विनकडे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. विमान रद्द झालं की खोलीचं भाडं चालूच राहतं.

घड्याळाची एक गंमत. क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, न्यू साउथ वेल्स करतं. कूलंगट्टा आणि ट्वीड हेड्स ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली, मधून राज्याची सीमा. ऑक्टोबर ते एप्रिल रस्ता ओलांडला की तास बदलतो. तिथे 'सातला ये' म्हणताना कोणाचे सात ते विचार. मी एकदा तासभर नटून बसले होते.

भाग कोणता

माझी कसोटी एकच: दुपारी चार वाजता आणि रात्री अकरा वाजता अनोळखी माणूस एकटा चालत गेला तर कोणी वळून बघेल का? जिथे कोणी बघत नाही तो भाग आपला. म्हणून मोठं स्टेशन, कन्व्हेन्शन सेंटर, कसिनो आणि मोठं हॉस्पिटल यांच्या आसपास बघायचं. हॉस्पिटलचं कोणी सांगत नाही, पण मला ते सगळ्यांत आवडतं. पेशंटचे नातेवाईक अवेळी येतात-जातात, मोटेलवाल्यांना त्याची सवय असते, औषधाचं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं आणि रस्त्यावर उजेड असतो.

मेलबर्नला साउथबँक आणि शहराचा मधला भाग सोयीचा. मधल्या भागात ट्राम फुकट आहे, त्यामुळे गाडी नसलेला माणूसही येतो. डॉकलँड्सला अपार्टमेंट स्वस्त पडतात, पण संध्याकाळनंतर भाग ओस पडतो आणि वारा असा की केस विंचरून काही उपयोग नाही. सेंट किल्डाचं नाव जुनं म्हणून तिथेच जायला हवं असं नाही. तिथल्या ग्रे स्ट्रीटची ओळख रस्त्यावरच्या कामाची आहे, तो वेगळा धंदा आणि त्या बायकांची वेगळी जागा. सिडनीत सेंट्रल स्टेशनच्या आसपास, सरी हिल्स, पॉट्स पॉइंट. ब्रिस्बेनला स्प्रिंग हिल किंवा साउथ बँक. फॉर्टिट्यूड व्हॅली शुक्रवार-शनिवारी दारू पिऊन झिंगलेल्यांनी भरलेली असते, तेव्हा मी तिथे राहत नाही.

गाडीचं विसरू नकोस. लहान शहरात प्रत्येक जण गाडीने येतो आणि मोठ्या शहरात पार्किंगवरून वैतागलेला येतो. खांबावरच्या पाटीवर '२पी' असेल तर दोन तास गाडी लावता येते, '१पी' म्हणजे एकच. बुकिंगच्या लांबीपेक्षा पाटीवरची वेळ कमी असेल तर त्याचं अर्धं लक्ष दंडाच्या पावतीवर असणार.

आता आपलं, मराठी माणसाचं खास दुखणं. सिडनीचं हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, मेलबर्नचं टार्निट आणि पॉइंट कुक हे आपल्या लोकांचे भाग. तिथे राहू नकोस हे सांगायची गरज नाही. पण एवढ्याने भागत नाही. शहराच्या मध्यावरच्या हॉटेलात रात्रपाळीला, हाउसकीपिंगला आणि उबर चालवायलाही आपलीच पोरं असतात, शिकता शिकता काम करणारी. आडनाव वाचलं की त्यांना गाव आठवतं, त्यात त्यांची काही चूक नाही. मी उत्तर ठरवून ठेवलंय: "कामानिमित्त आलेय, दोन दिवस मीटिंगा आहेत." खोटं नाही. जास्त बोलायचं नाही, तुटकही वागायचं नाही. इंग्रजीत उत्तर दिलं तर उलट लक्षात राहतं, म्हणून मराठीतच बोलते, 'जेवलास का?' विचारते आणि लिफ्टकडे जाते.

वाट : हॉटेल, अपार्टमेंट की मोटेल

मोठ्या साखळीतलं हॉटेल पहिल्या टूरला बरं असतं, कारण लॉबीत इतकी वर्दळ असते की कोणी मोजत नाही. मात्र लिफ्टचं कार्ड बघायचं. काही ठिकाणी कार्ड दिवसभर लागतं, काही ठिकाणी फक्त रात्री, काही ठिकाणी बार किंवा जिमच्या मजल्यापर्यंत लिफ्ट मोकळी असते. फोन करून विचारायचं: "माझी सहकारी भेटायला येणार आहे, तिला थेट वर येता येईल का?" हा प्रश्न रोज शंभर लोक विचारतात. पाहुण्यांबद्दल अटी असतील तर बुकिंगआधीच वाच. 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' लिहिलेलं असेल तर ते हॉटेल आपलं नाही, वाद घालायचा नाही.

सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं मशीन असतं. आठवडाभराच्या टूरला ते फार सोयीचं, एक भात-वरणाचा कुकर लावला की माणूस माणसात येतो. पण त्याच इमारतीत कायमचे राहणारे शेजारीही असतात. हॉटेलातला शेजारी उद्या निघून जातो, अपार्टमेंटमधला शेजारी सोसायटीच्या कमिटीवर असतो. इंटरकॉम असेल तर त्यावर नाव दिसतं की फक्त नंबर, हे पोचल्यावर आधी बघ.

लोकांच्या घरातली ॲपवरची भाड्याची जागा मी घेत नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे बंद केले, पण सांगून लावलेला दारावरचा कॅमेरा चालतो आणि कोण कधी आलं-गेलं हे मालकाला फोनवर दिसतं. शिवाय या कामाला तिथे मनाई आहे. खातं बंद झालं की पुढच्या सुट्टीचीही पंचाईत.

आणि मोटेल. मकाय, टाउन्सव्हिल, न्यूकॅसल, कालगूर्ली, कराथा अशा गावांत हेच जास्त करून असतं. ऑस्ट्रेलियाचं मोटेल म्हणजे आपल्या हायवेवरच्या लॉजसारखं नाही. गाडी थेट खोलीच्या दारासमोर लागते, लॉबी नाही, लिफ्ट नाही. रिसेप्शन संध्याकाळी बंद होतं, उशिरा येणाऱ्याची किल्ली पेटीत ठेवतात. वाट म्हणून बघितलं तर याहून सरळ काही नाही. पण तीच वाट सगळ्यांना दिसते. समोरच्या खोलीतला माणूस बिअर घेऊन दारात बसलेला असतो आणि त्याला दुसरं काही करायला नसतं. म्हणून मी ऑफिसच्या शेजारची खोली घेत नाही आणि अगदी टोकाचीही घेत नाही, कारण टोकाकडे कोणाचं लक्ष नसतं तसं मदतीलाही कोणी नसतं. मधली, दिव्याखालची खोली. मागच्या बाजूची खिडकी उघडते का, हे बघायचं.

खाणींच्या गावात माणसं पाळीने येतात. दोन आठवडे खाणीवर, मग विमानाने घरी. बारा तासांची पाळी संपवून आलेला माणूस नऊला झोपतो. तिथे आपलं काम संध्याकाळी पाच ते आठ एवढंच आणि खोल्या कंपन्यांनी महिनोन्‌महिने आधी घेऊन ठेवलेल्या. कराथाचा खोलीचा दर बघून मी पहिल्यांदा फोन खाली ठेवला होता. फोनवरून आठवलं, त्या भागात स्वस्त सिमकार्डाला रेंज मिळेलच असं नाही. निघण्याआधी मोबाइल कंपनीचा रेंजचा नकाशा बघ.

बुकिंग करताना

खरं नाव, खरं ओळखपत्र, स्वतःच्या नावाचं कार्ड. कामाचं नाव बुकिंगवर टाकू नकोस. चेक-इनला ओळखपत्र मागतात आणि दोन नावं जुळली नाहीत की तिथेच संशय. अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. सुटायला काही दिवस लागतात, तेवढे पैसे शिल्लक धर. पहिल्यांदा जातेस त्या जागी दोनच रात्री घे, आवडली तर वाढव. आगाऊ सगळे पैसे भरून स्वस्तात मिळणारा, परत न मिळणारा दर मोहात पाडतो. ब्रिस्बेनला मी तोच घेतला होता.

पक्कं बिल माग. हे उत्पन्न करपात्र आहे, तसा टूरच्या मुक्कामाचा खर्चही हिशेबात धरता येतो. या धंद्यातला करसल्लागार हवा असेल तर वर सांगितलेल्या संस्थांना विचार.

खोलीत गेल्यावर पहिला तास

सामान उघडायच्या आधी जिना शोध. जिन्याचं दार आतून ढकलून बघ आणि पाठीमागे बंद होऊ देऊ नकोस, बऱ्याच इमारतींत ते बाहेरून उघडत नाही आणि मग तळमजल्यापर्यंत उतरावं लागतं. शेजारच्या खोलीशी जोडणारं मधलं दार असेल तर खोली बदलून माग. "आवाज येतो" एवढं कारण पुरतं. बाथरूमला आतून कडी आहे का ते बघ. पासपोर्ट, घराच्या किल्ल्या आणि औषधाच्या डब्या, म्हणजे खरं नाव असलेलं सगळं, तिजोरीत. बॅगेला विमानतळाची नावाची चिठ्ठी चिकटलेली असते, ती फाड. ती सगळ्याच विसरतात.

जाहिरातीसाठी या खोलीत फोटो काढू नकोस. पडद्याची नक्षी आणि खिडकीतला पूल बघून हॉटेल ओळखणारे लोक आहेत.

टॉवेलबद्दल जुन्या बायका पहिल्यापासून सांगत आल्या आहेत आणि त्या बरोबर सांगतात. दिवसाला दहा टॉवेल मागणारी एकटी बाई हाउसकीपिंगच्या लगेच लक्षात येते. सुपरमार्केटमधून स्वतःचे चार-सहा गडद रंगाचे घे, एक चादरही. कचरा पिशवीत बांधून स्वतः बाहेर टाक. खोली झाडायला येणाऱ्या बाईने तो का उचलावा? निघताना तिच्यासाठी थोडे पैसे ठेवते मी. इथे टिप द्यायची रीत नाही, तरी ठेवते.

माणूस येतो तेव्हा

पत्ता दोन टप्प्यांत द्यायचा. आधी फक्त भाग आणि जवळची खूण, समजा कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान. तो तिथे पोचला की फोन करतो, तू खिडकीतून बघतेस, आवाज ऐकतेस. दारू प्यायलेला वाटला, बरोबर दुसरा कोणी दिसला, नुसतं मनाला पटलं नाही, तरी खोलीचा नंबर द्यायचा नाही. 'आज जमणार नाही' एवढंच सांगायचं. खोलीचा नंबर आधीच मेसेजवर पाठवलास तर खिडकीचा काही उपयोग नाही. म्हणून रस्त्याच्या बाजूची खोली मागायची, नदीच्या नाही.

दुसऱ्या गावातल्या एका मैत्रिणीला तुझं लाइव्ह लोकेशन, खोलीचा नंबर आणि सुटायची वेळ माहीत हवी. आमचा ठरलेला शब्द 'कोथिंबीर' आहे. मी फोनवर 'कोथिंबीर आणायची राहिली' म्हटलं की तिने आधी हॉटेलच्या रिसेप्शनला फोन लावायचा आणि मग ००० ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला. रिसेप्शनचा माणूस दोन मिनिटांत दारावर येऊ शकतो, म्हणून त्याच्याशी वैर घ्यायचं नाही. त्रासदायक माणसांची माहिती एकमेकींना देणारे 'अग्ली मग्ज'चे अहवाल मेलबर्नमध्येच १९८० च्या दशकात सुरू झाले. संस्थांकडून ते मागून घे, आणि काही घडलं तर स्वतःही नोंदव, पोलिसात जायचं नसलं तरी.

जा म्हणाले तर

मोरानबाह हे क्वीन्सलँडमधलं कोळशाचं गाव. तिथल्या एका मोटेलने तिच्या कामामुळे एका बाईला खोली नाकारली. ती भेदभावाच्या तक्रारीवर लढली. पहिल्या पायरीवर हरली, २०१२ मध्ये अपिलात जिंकली. लगेच सरकारने कायदाच बदलला आणि खोलीत हे काम होणार म्हणून नकार द्यायची मोकळीक हॉटेलवाल्यांना दिली. २०१३ मध्ये वरच्या कोर्टात तिचा जिंकलेला निकालही उलटला. ते कलम पुढे अकराएक वर्षं राहिलं आणि २०२४ च्या बदलात गेलं. आज क्वीन्सलँडमध्ये आणि व्हिक्टोरियातही कामावरून भेदभाव करण्याविरुद्ध कायद्याचा आधार आहे.

पण रात्री साडेदहाला मॅनेजर दारात उभा असताना कलमं म्हणत बसू नकोस. शांतपणे कारण विचार, जमलं तर लेखी माग, उरलेल्या रात्रींचे पैसे माग, वेळ आणि नाव टिपून ठेव आणि निघ. तक्रार दुसऱ्या दिवशी, संस्थेच्या मदतीने. यासाठीच मी प्रत्येक शहरात पर्यायी हॉटेलचा नंबर आधी फोनमध्ये भरते, चालत जाता येईल असं. सामान एकाच चाकाच्या बॅगेत मावेल इतकंच नेते.

परतीच्या विमानात मी वहीत चार ओळी लिहिते. पलंगाचं त्यात काही नसतं. मागच्या वेळची टाउन्सव्हिलची नोंद अशी आहे: 'लिफ्ट मोकळी, रात्री आठनंतर कार्ड. जिना उजवीकडे, मागच्या गल्लीत निघतो. पार्किंग २पी, सहानंतर फुकट. रिसेप्शनची बाई चांगली, विचारत नाही. खोली ३०४ नको, बर्फाचं मशीन भिंतीला लागून.'